मागचा दिवा

सेकंड इयरच्या ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "करोजन म्हणजे काय?"

मी घडाघडा म्हणून दाखवलं. धातूचा आजूबाजूच्या वातावरणाशी रासायनिक किंवा विद्युत-रासायनिक क्रियेनं होणारा ऱ्हास म्हणजे करोजन. सर खूश दिसले. म्हणाले, "रोजच्या वापरातलं एक उदाहरण द्या." माझ्या आधीच्या चौघांनी जहाजाचा तळ, पुलाचा खांब, घरचं गेट आणि पाण्याची टाकी ही चारही 'चांगली' उदाहरणं संपवली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, उसाच्या ट्रॉलीचा मागचा दिवा."

बाजूला बसलेली पोरं फिदीफिदी हसली. सरही हसले. मार्क मात्र दिले. मी पण हसलो, कारण त्या वेळी तसंच करायचं असतं. पण ते उदाहरण मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. ते मला मोहोळ-कुरूल रस्त्यावर सापडलं होतं, भोगीच्या दिवशी संध्याकाळी. तेच आज लिहून टाकावं म्हणतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या पोराला ऊस म्हणजे काय ते सांगायला नको. दिवाळी झाली की कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते आणि मग मार्चपर्यंत आमच्याकडचे रस्ते आमचे राहत नाहीत, ते उसाचे होतात. बीडकडच्या टोळ्या येतात, फडाकडेला कोप्या उभ्या राहतात, आणि रात्रंदिवस ट्रॅक्टर, ट्रॉल्या, बैलगाड्या कारखान्याच्या दिशेनं सरकत राहतात. आमच्या आण्णांचा एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या ह्याच रांगेत असतात. त्यांच्याच भाड्यावर माझी फी भरली जाते, त्यामुळे ट्रॉलीला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

फर्स्ट इयरला असताना दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. हंगामाची तयारी चालली होती. आण्णा म्हणाले, "आरं, इंजनेर व्हायलायस न्हवं? मागच्या ट्रॉलीचा दिवा लागंना झालाय, एवढं बघ की."

एवढं म्हणजे काय, मला हुरूपच आला. पक्कड घेतली, ब्लेड घेतलं, काळी टेप घेतली. वायर तुटलेली दिसली. दोन्ही टोकं सोलली. आतलं तांबं काळंठिक्कर होतं, ते ब्लेडनं खरडलं, पीळ दिला, वर टेप गुंडाळली. ट्रॅक्टरवर बसून बटण दाबलं आणि दिवा लागला! आण्णांनी शेजारच्या तात्यांना हाक मारून दाखवला. "पोरानं केलंय," म्हणाले. इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाल्यावर सुद्धा त्यांचा चेहरा एवढा फुलला नव्हता.

तो दिवा महिनाभर टिकला.

डिसेंबरमध्ये परीक्षा चालू असताना आण्णांचा फोन आला. "दिवा परत गेला रं." मी म्हटलं, "परीक्षा संपली की येतोच, बघतो." गंमत म्हणजे त्याच आठवड्यात आमचा केमिस्ट्रीचा पेपर होता आणि त्यात करोजनवर आठ मार्कांचा प्रश्न होता. मी आकृतीसकट लिहिला. ॲनोड, कॅथोड, इलेक्ट्रोलाइट, सगळं. आठपैकी सात तरी पडले असतील.

परीक्षा संपली तरी लगेच घरी गेलो नाही. रूमवरच्या पोरांबरोबर इकडंतिकडं करण्यात दिवस गेले. घरी पोहोचलो तो थेट भोगीच्या दिवशी दुपारी. ट्रॉली फडात होती. आईनं बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी वाढली. मी म्हटलं, दिवा उद्या बघू, आज सण आहे.

संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला आण्णांचा फोन आला. आवाज वेगळाच होता. भरलेली ट्रॉली घेऊन जाताना टायर पंक्चर झाला, म्हणून त्यांनी ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घेतला होता. कडेला म्हणजे अर्धी ट्रॉली डांबरावरच, कारण साइडपट्टी होती कुठं? आण्णा दगड शोधत होते, चाकाला उटी लावायला. तेवढ्यात पाठीमागून मोटरसायकल आली आणि उसात घुसली.

चिंचोळी एम.आय.डी.सी.तली ड्युटी संपवून घरी निघालेला, शेजारच्या गावचा पोरगा होता तो. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. मी पोहोचलो तेव्हा त्याला जीपमध्ये घालत होते. जीव वाचला. मांडीचं हाड मोडलं होतं, त्यात पुढं सोलापूरला रॉड घातला. त्याच्या हँडलला अडकवलेली पिशवी रस्त्यावर फुटली होती आणि हलव्याचे पांढरे दाणे सगळीकडं सांडले होते. ते मला अजून दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा झाला. हवालदारांनी आण्णांना विचारलं, "ट्रॉलीला मागचा दिवा होता का?"

आण्णा म्हणाले, "होता."

हवालदारांनी वाकून बघितलं. दिवा होता. लाल काच, दोन स्क्रू, सगळं जागच्या जागी. त्यांनी तसं लिहून घेतलं. मी तिथंच उभा होतो. 'होता' आणि 'लागत होता' ह्या दोन गोष्टींत किती अंतर असतं ते त्या घोळक्यात फक्त दोघांना माहीत होतं, आण्णांना आणि मला. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

पुढं दोन्ही घरांतली वडीलधारी माणसं बसली आणि मिटवलं. दवाखान्याचं निम्मं बिल आण्णांनी ऊसबिलातून भरलं. लोक म्हणाले, चांगली माणसं आहेत, कोण देतंय आजकाल? मला ते ऐकवत नव्हतं.

असो. रडगाणं गायला हा लेख लिहायला घेतलेला नाही.

आण्णांनी त्याच आठवड्यात मोहोळच्या बॅटरीवाल्या चाचांकडून नवा दिवा बसवून घेतला. जुना दिवा मी पिशवीत घालून होस्टेलवर आणला. रूममेट म्हणाला, "हे काय, शोकेसला ठेवणार का?" एका रविवारी तो वर्तमानपत्रावर ठेवून मी उघडला. अख्ख्या सेमिस्टरमध्ये एवढं प्रॅक्टिकल मी कधी केलं नव्हतं.

आत काय होतं? तळाशी वाळलेला चिखल. होल्डरच्या पितळेवर हिरवट पूड. स्प्रिंगच्या जागी तांबडा भुगा. बल्ब मात्र चांगला! फिलामेंट शाबूत होतं. म्हणजे गेला होता तो बल्ब नव्हेच, गेला होता रस्ता, करंटचा. मग मी दिवाळीत सोललेली वायर बघितली. माझी टेप उन्हानं आणि डिझेलनं चिकट होऊन सरकली होती. मी वायर इंच-इंच सोलत गेलो. फूटभर सोलली तरी तांबं काळंच. बारीक तारांच्या मधल्या फटींतून ओल वर चढत जाते, दिव्यातल्या वातीत तेल चढतं तशी. म्हणजे दिवाळीत मी काळ्या तारेला काळी तारच जोडली होती आणि वरून टेप गुंडाळून आतली ओल आतच कोंडली होती. त्यापेक्षा जोड उघडा ठेवला असता तर निदान वाळला तरी असता!

दिव्याच्या घरट्याला एक बारीक भोक होतं. आधी वाटलं, तुटलंय. नीट बघितल्यावर कळलं, ते पाणी निथळायला ठेवलेलं भोक आहे. पण स्क्रूच्या खुणांवरून सरळ दिसत होतं की दिवा बसवणाऱ्यानं तो उलटा बसवलाय. भोक वर! म्हणजे जे पाणी बाहेर जायला ठेवलेलं दार, त्याच दारानं पाऊस आत येत होता आणि खाली तळं साचत होतं. एवढ्या साध्या गोष्टीकडं इतक्या वर्षांत आमच्या घरातल्या कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं. माझंसुद्धा.

मग मी लायब्ररीत शोधायला लागलो. ट्रॉलीच्या दिव्यावर कोण कशाला लिहील? पण एक भलतीच गोष्ट सापडली. परदेशात लोक होडी घरी ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॉलीवर घालून तळ्यावर नेतात. होडी पाण्यात सोडायची तर ट्रॉलीचा मागचा भाग पाण्यात बुडवावा लागतो, दिव्यांसकट. रस्त्यानं ब्रेक मारून मारून बल्ब तापलेला असतो. गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. कधी बल्बच तडकतो. म्हणून तिथं पाण्यात उतरण्याआधी दिव्यांचा प्लग काढून ठेवायची पद्धत आहे.

मला आधी हसू आलं. आमच्याकडं उजनीत होड्या आहेत, पण त्या काठालाच बांधलेल्या असतात, त्यांना कोण ट्रॉलीवर फिरवतंय? आणि मग एकदम आठवलं. आण्णा संध्याकाळी ट्रॉली धुवायला ओढ्यात घालतात. थेट, दिवे चालू असताना! म्हणजे आमची उसाची ट्रॉली हीसुद्धा अर्धी होडीचीच ट्रॉली की.

उलट तिच्यापेक्षा वाईट. होडीच्या ट्रॉलीला नुसतं पाणी लागतं. आमचीला काय काय लागतं ते मोजा. हंगामात उसाचा रस गळतो. ताजा रससुद्धा किंचित आम्लधर्मी असतो, पी.एच. साधारण ५ ते ५.५, आणि आंबला की आणखी आंबट. हंगाम संपला की त्याच ट्रॉलीतून पोटॅशची पोती येतात, म्हणजे क्लोराइड आलं. लोखंडाला क्लोराइड काय करतं ते समुद्राकाठच्या गेटांना विचारा. आणि पावसाळाभर ट्रॉली उभी कुठं असते? गोठ्याला लागून, शेणखताच्या ढिगाशेजारी.

ह्या गोठ्यावरून एक जुनी हकीकत वाचली, ती आपल्याच देशात घडलेली. ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात तडे जायचे. कारखान्यातून चांगली निघालेली काडतुसं कोठारात बसल्याबसल्या फुटायची. हे पावसाळ्याच्या मोसमात व्हायचं म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. पुढं १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन ह्या तिघांनी त्याचा उलगडा मांडला. काडतुसं तबेल्यांत ठेवलेली असायची. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा, दमट हवेत तो पितळेवर बसायचा, आणि घडवताना पितळेत राहून गेलेला ताण त्याला साथ द्यायचा. दोघे मिळून पितळ फाडायचे. आता आमच्या होल्डरच्या पितळी पट्ट्या बघा. वाकवून दाबून बसवलेल्या, म्हणजे ताण आहेच. गोठ्याचा अमोनिया आहेच. पाऊस आहेच. मला सापडलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक बरोबर वाकाच्या जागी तडकलेली होती. ते कारण अमोनियाच होतं हे मी शपथेवर सांगणार नाही, पण वाचताना अंगावर काटा आला एवढं खरं.

फेब्रुवारीत घरी गेलो तर चाचांनी बसवलेला नवा कोरा दिवा महिन्याभरातच मिणमिणायला लागला होता. आणि एक चमत्कार! उजवा इंडिकेटर टाकला की मागचा लाल दिवापण त्याच्या तालावर उघडझाप करायचा. आण्णा म्हणाले, "ह्याला भूत लागलंय." मी चाचांकडं गेलो. ते दुकानापुढं बॅटऱ्या चार्जिंगला लावत बसले होते. ऐकून म्हणाले, "भूत नाय बेटा, अर्थिंग. दिव्याला जायाची वाट सगळे बघतेत, परत यायाची वाट कोण बघत नाय."

हे वाक्य आमच्या कुठल्याच सरांनी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. ट्रॉलीच्या दिव्याला वायर एकच जाते. परतीचा करंट जातो दिव्याच्या बोल्टातून चॅसीत, चॅसीतून दांडीच्या पिनेत आणि पिनेतून ट्रॅक्टरमध्ये. त्या पिनेत असतं काय? गंज, वाळू आणि ग्रीस. ती परतीची वाट अडली की एका दिव्याचा करंट दुसऱ्या दिव्याच्या फिलामेंटमधून वाट काढतो, आणि इंडिकेटरबरोबर लाल दिवा नाचतो. तेच ते भूत!

इलेक्ट्रिकलच्या मित्राचा मल्टिमीटर मागून आणला होता. इंजिन चालू, ब्रेक दाबलेला. बॅटरीवर १३.५ व्होल्ट. बल्बच्या दोन टोकांत फक्त ९. मग बाकीचे गेले कुठं? ट्रॉलीची चॅसी आणि बॅटरीचं निगेटिव्ह ह्यांच्यामध्ये मीटर लावला, तर तिथं ३.६ व्होल्ट सापडले. करंट तीन अँपिअरच्या आसपास, म्हणजे पिनेपाशी रेझिस्टन्स एक ओहमच्या जरासा वर. एक ओहम! प्रॅक्टिकलला आम्ही ज्याला 'निग्लिजिबल' म्हणून सोडून देतो तेवढा. पण फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज दोन-तृतीयांश झालं की प्रकाश पाव होतो. त्यावर धूळ आणि चिखल बसला की मग काय उरणार?

आणखी एक गणित मी मांडलं. ते मांडायला नको होतं असं वाटतं, पण मांडलं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, त्यात २५ मीटर गेले. मग सेकंदाला ५ मीटर ह्या दरानं वेग कमी झाला तर थांबायला आणखी २८. एकूण ५३ मीटर. अमावस्येच्या आसपासच्या एका रात्री मी शेतातल्या रस्त्यावर दिवा बंद असलेली ट्रॉली उभी केली आणि धाकट्या भावाला मोटरसायकल डीपरवर घेऊन हळूहळू यायला लावलं. ट्रॉली दिसली की थांब, म्हटलं. तो थांबला तिथून मी पावलं मोजली. चाळीस पावलं. म्हणजे तीस मीटर, धरून चाला.

त्रेपन्न आणि तीस. त्या पोराची चूक नव्हती. आम्ही रस्त्यावर उभं केलेलं उदाहरण सुटण्यासारखंच नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र मी हात धुऊन मागं लागलो. जुनी सगळी वायर काढून टाकली. प्लगपासून दिव्यापर्यंत मधे एकही जोड नाही अशी अखंड वायर ओढली. परतीसाठी वेगळी वायर, थेट प्लगच्या अर्थच्या पिनेपर्यंत, म्हणजे दांडीच्या पिनेवर भरवसा ठेवायला नको. टोकं चांगल्या तांब्यापर्यंत कापून, लग दाबून बसवले आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी तापवून चढवली. मी आधी सगळीकडं सोल्डर करणार होतो. चाचांनी हात धरला. "कथील जिथं संपतंय तिथंच तार तुटतीय, हादरा बसून बसून." बरोबर होतं. कथलानं तार कडक होते आणि कडक-मऊच्या सीमेवर थकवा येतो, म्हणजे आमच्या पुस्तकातला फटीग! वायर नळीत घालून चॅसीच्या आतल्या बाजूनं चिमटे मारत नेली, चाकाचा चिखल लागू नये म्हणून.

कॉन्टॅक्टना व्हॅसलिन लावायची आमच्याकडं जुनी पद्धत आहे. ती वाईट नाही, पण मे महिन्यात सोलापूरचं ऊन ४२-४३ वर जातं, पत्रा त्याहून तापतो आणि व्हॅसलिन वितळून गळून जातं. म्हणून सिलिकॉन ग्रीस लावलं. दिवे बंद डब्यासारखे सील केलेले एल.ई.डी. घेतले. ह्यात एक मेख आहे. एल.ई.डी.ला करंट अगदी कमी लागतो, आणि जुन्या बल्बचा मोठा करंट कॉन्टॅक्टवरचा बारीक मळ जाळून टाकायचा, तेवढं ह्याला जमत नाही. म्हणून दिवा नवा घेतला तरी प्लग आणि सॉकेट स्वच्छ लागतातच. ट्रॅक्टर सोडला की आमचा प्लग आधी मातीत लोळायचा. आता दांडीवर त्याला खुंटी केली आहे, तोंड खाली करून अडकवतात. आणि ओढ्यात जायच्या आधी प्लग काढायचा, हा होडीवाल्यांचा नियम आमच्या घरात लागू झाला.

सगळा खर्च एक टन उसाच्या बिलात बसला. हे आण्णांचं माप.

तरी एक गोष्ट राहिलीच होती, आणि ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. हंगाम सुरू झाला, पहिली खेप भरली, मी अभिमानानं मागं जाऊन बघितलं तर दिवा दिसेना! लागत होता, पण दिसत नव्हता. उसाच्या मोळ्या मागं हातभर बाहेर आलेल्या आणि त्यांच्या आड माझा सील केलेला, ग्रीस लावलेला, अखंड वायरचा दिवा झाकून गेलेला. टोळीतली एक मावशी म्हणाली, "दादा, आमी भरतो तवा त्यो दिवा रोजच झाकतोय की." रोज बघणाऱ्या माणसाला एकदा विचारलं असतं तर! मग फळकुटाच्या कडेला बाहेर लोखंडी पट्टी वेल्ड करून दिवे त्यावर घेतले, भोक खाली ठेवून.

आणि शेवटी 'रेडियम' लावलं. आपण चमकणाऱ्या पट्टीला सरसकट रेडियम म्हणतो. तिच्यात रेडियमचा कणही नसतो. असतात काचेचे बारीक मणी नाहीतर प्लॅस्टिकचे इवले त्रिकोणी कोनाडे, आलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवणारे. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ह्याच तत्त्वाचा आरसा ठेवला, आणि पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा किरण आजही तिथून परत येतो. चंद्रावरून येतो, तर कुरूलच्या रस्त्यावरून का येणार नाही? ह्या पट्टीला वायर नाही, अर्थिंग नाही, गंज नाही. रोज एकदा फडकं मारलं की झालं. दिवा कितीही चांगला केला तरी तो कधीतरी जाणार हे धरूनच चालायचं, आणि तो गेल्यावरही माणूस वाचला पाहिजे. आण्णांनी उसाच्या मागं बांधायला पट्टी लावलेलं एक लाल कापडही करून घेतलं.

हे सगळं झाल्यावर मी त्या पोराकडं गेलो. आण्णांना न सांगता. तो काठी टाकून चालायला लागला होता, जरासा लंगडत. त्याच्या आईनं चहा केला. मी बरंच इकडचं तिकडचं बोललो. मग म्हटलं, "त्या दिवशी दिवा लागत नव्हता. मला माहीत होतं. दिवाळीत मीच जोडला होता, नीट जोडला नाही."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला बी म्हाईत हाय. लागत असता तर दिसला असता की."

त्याच्या आईनं कप उचलले. मला वाटलं, आता उठावं. तर त्यानं विचारलं, "आता लागतोय का?"

"लागतोय."

"कवा बघितला?"

"काल रात्री."

"आज बघ," तो म्हणाला.

घरी येऊन मी आण्णांना सांगितलं, कुठं गेलो होतो आणि काय बोललो. ते गप्प बसले. रागावतील असं वाटलं होतं. थोड्या वेळानं उठले, पायात चपला घातल्या आणि ट्रॅक्टरवर जाऊन बसले. "मागं जाऊन उभा ऱ्हा," म्हणाले. त्यांनी बटण दाबलं, ब्रेक दाबला, डावा दाबला, उजवा दाबला. मी मागून ओरडत होतो, "लागला, लागला, लागला!"

आता हा रोजचा नेम झालाय. मी नसलो की धाकटा मागं उभा राहतो. यंदा त्या वायरिंगचा दुसरा हंगाम. मध्ये एकदा डावा दिवा गेला होता, प्लगची एक पिन हिरवी पडली होती म्हणून. संध्याकाळी बघितल्यामुळे संध्याकाळीच सापडली. पॉलिश पेपरनं घासली, ग्रीस लावलं, मग ट्रॉली निघाली.

मित्रांनो, आपल्या कॉलेजमधल्या निम्म्या पोरांच्या घरी नाहीतर शेजारी ट्रॉली आहे. आपण इथं मोठमोठे प्रोजेक्ट करतो, मॉडेलला बारीक दिवे लावतो आणि ते लागले की टाळ्या वाजवतो. ह्या वेळी सुट्टीत घरी गेलात की एकच करा. अंधार पडल्यावर ट्रॉलीच्या मागं पन्नास-साठ पावलं चालत जा, वळा आणि बघा.

दिवा आहे का, एवढं बघू नका. लागतो का आणि दिसतो का, ते बघा.